अंबूबाईच्या फोटोतली नजर

धामणगाव बढ्याच्या बस स्टँडसमोर खताच्या दुकानाला लागून एक चिंचोळी खोली आहे. तिथं मंजुश्री इंगळे हिचा फोटो स्टुडिओ आहे. तिच्या वडिलांनी, प्रेमानंद इंगळ्यांनी, तो सुरू केला तेव्हा आसपासच्या गावांतली लग्नं त्यांच्याशिवाय लागत नसत. आता लग्नं ज्याच्या-त्याच्या मोबाईलमध्ये लागतात. मंजुश्रीकडे येतात ते पासपोर्ट फोटोवाले, झेरॉक्सवाले, आणि ज्यांच्या घरी कोणी वारलं आहे असे लोक.

हे शेवटचे तिचे मुख्य गिऱ्हाईक. गावखेड्यातलं म्हातारं माणूस जातं तेव्हा त्याचा धड एक फोटो घरात नसतो. मग तेरवीच्या आधी कोणीतरी धावत येतं आणि मोबाईल पुढं करतं. कुठल्यातरी लग्नात घास तोंडात घालताना टिपलेला चेहरा असतो, नाहीतर हार घालून झोपवलेला. मंजुश्री त्याला फेटा बांधून देते, कोरं लुगडं नेसवते, मागं निळं आभाळ देते. आणि डोळे मिटलेले असले तर ते उघडून द्यायची. त्यासाठी तिच्या कॉम्प्युटरमध्ये माणसांच्या डोळ्यांचा साठा होता. जुन्या फोटोंतून उचललेले, वयाप्रमाणे लावून ठेवलेले. कोणाचे डोळे कोणाला गेले हे लोकांनी कधी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

मंजुश्रीचा स्वतःचा डावा डोळा तिरळा. लहानपणापासून. त्यामुळं ती नेमकी कुठं पाहते हे समोरच्याला कळत नाही आणि लोक तिच्यासमोर गाफील राहतात. लग्नासाठी तिला पाहायला आलेली माणसं आधी तिच्याकडे, मग एकमेकांकडे पाहायची, आणि चहा अर्धा ठेवून उठायची. चार-पाच वेळा असं झाल्यावर आता पुरे म्हणून तिनंच वडिलांना हात जोडले. कॅमेऱ्यामागं उभं राहिलं की कोणी आपल्याला पाहत नाही, आपणच सगळ्यांना पाहतो, हे तिला तेव्हाच उमगलं होतं.

प्रेमानंदांसोबत ती पोरवयापासून लग्नांचे फोटो काढायला जायची. मोठ्या शेतकऱ्यांच्या ओट्यावर पाय ठेवला की एक नजर चपलेपासून कपाळापर्यंत फिरायची. त्या नजरेत आडनाव विचारलेलं असायचं. उत्तर मिळालं की पाणी यायचं. इतरांना स्टीलच्या पेल्यात, या दोघांना कागदी ग्लासात. प्रेमानंद ते पाणी पिऊन टाकायचे आणि पोरीला म्हणायचे, तू फक्त बटणाकडे लक्ष दे. पण ती नजरांकडे लक्ष द्यायची. नवरीच्या अंगावरचं सोनं जोखणारी जावेची नजर तिला कळायची. लेकीला निरोप देताना बाप तिच्याकडे न पाहता मंडपाचा खांब पाहतो, हेही तिनं टिपलं होतं. सवतीच्या पोराला वाढणारीचं पाहणं कसं असतं, उसनं हसणाऱ्याचे डोळे कुठं जातात, सगळं. शाळेत शिकली त्यापेक्षा ती अशा मांडवांतच जास्त शिकली.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी कारभारी नावाचा शेतकरी आला. नळगंगा धरणाच्या अंगाला त्याचं गाव, घरची मोठी शेती, वय साठीपुढं. मंजुश्री त्याला ओळखत होती, कारण तिची आजी तानुबाई एकेकाळी त्याच्या घरी कामाला होती. शेणगोठा, कापूस वेचणी, पडेल ते. मग एका वर्षी आजीनं ते काम एकाएकी सोडलं आणि रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला जाऊ लागली. घरच्यांनी कारण विचारलं तर ती नुसती समोरच्याकडे बघायची. तिच्या बघण्यानं विचारणाराच गप्प व्हायचा.

कारभारीची आई अंबूबाई वारली होती. त्याच्या मोबाईलमध्ये तिचे दोन फोटो होते. एक शेवटच्या दिवसाचा, हार घातलेला. दुसरा शेगावला दर्शनाला गेले तेव्हाचा. मंदिराबाहेर सगळं घर रांगेत उभं, सगळे कॅमेऱ्याकडे पाहतायत आणि मधोमध अंबूबाई खाली फरशीकडे.

"आईनं कधी मान वरच केली नाई," कारभारी म्हणाला. "तू तिले डोळे लावून दे."

त्यानं रक्कम विचारली नाही, फ्रेम कोणती तेही नाही. खुर्चीच्या कडेवर बसून त्यानं पाणी मागितलं, तिनं दिलेला पेला घेतला आणि सगळं पाणी प्यायला. जाताना दारात थांबून म्हणाला, डोळे साधे लाव, रागीट नको.

मंजुश्री कामाला बसली. अंबूबाईचा चेहरा रुंद, गालाची हाडं वर आलेली, भुवया विरळ. साठ्यातल्या म्हाताऱ्यांचे डोळे तिनं एकामागून एक लावून पाहिले. एकाचे डोळे बसले की चेहरा हसरा व्हायचा, दुसऱ्याचे लावले की लबाड. चेहराच त्यांना धरून ठेवत नव्हता. दुपार कलली. शेवटी तिनं वडिलांच्या जुन्या फाईलींत शोध घेतला आणि तानुबाईचा फोटो सापडला. प्रेमानंदांनी आईला स्टुडिओत बसवून काढलेला. प्रकाश डाव्या अंगानं, वय तेच, पापण्यांची ठेवण जवळपास तीच. तानुबाई लेन्सकडे सरळ पाहत होती.

आजीचे डोळे दुसरीला द्यायचे म्हणून तिचा हात जरा अडखळला. मग तिला वाटलं, आजी जिवंतपणी त्या घराच्या गोठ्यापलीकडे गेली नाही. आता जाऊ दे समोरच्या खोलीत. तिनं डोळे उचलले, अंबूबाईच्या चेहऱ्यावर ठेवले, आणि ते असे बसले की कडा मिटवायचीही गरज पडली नाही. बाहुल्या बरोबर मध्ये होत्या. तिनं दोनदा तपासलं.

दुसऱ्या दिवशी कारभारी फ्रेम न्यायला आला. कागद काढून त्यानं एकदाच पाहिलं आणि फ्रेम पालथी घातली. "बरोबर हाय," एवढंच म्हणाला आणि ती पालथीच काखेत मारून गेला.

तेरवी झाली. त्यानंतर काही दिवसांनी कारभारीची बायको पुष्पाबाई एकटीच बसनं स्टुडिओत आली. शांत बाई, बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळायची. ती बराच वेळ भिंतीवरचे नमुन्याचे फोटो पाहत राहिली. मग तिनं सांगितलं ते असं. फोटो समोरच्या खोलीत लावल्यापासून तिथं कोणी बसत नाही. नातवंडं दारातूनच वळतात. तेरवीला आलेल्या पाहुण्यांनी हात जोडले आणि जागा बदलून बदलून बसले. कारभारी त्या खोलीत जेवायचे, आता ताट ओसरीवर मागवतात. कोणी कोणाला काही बोलत नाही. पण जो कोणी त्या खोलीत जातो तो फोटोकडे पाहतो आणि लगेच मान वळवून मागच्या दाराकडे पाहतो. जणू तिकडून कोणी हाक मारली आहे.

मंजुश्री म्हणाली की काचेवर उजेड पडत असेल, जागा बदलून पाहा.

पुष्पाबाईनं तिच्याकडे पाहिलं. कोणत्या डोळ्याकडे पाहावं हा लोकांचा नेहमीचा गोंधळ तिच्या पाहण्यात नव्हता.

"हे डोळे माह्या सासूचे नाईत, हे तं मलेबी माहीत हाय," ती म्हणाली. "पण हे डोळे मी पाह्यले हायेत. नवी नवरी होती तवा. तुह्या आजीचे हायेत ना?"

 मंजुश्रीनं कॉम्प्युटरवर तानुबाईचा फोटो उघडून दाखवला. पुष्पाबाईनं पडद्याला हात लावला, कपाळाशी नेला आणि म्हणाली, घरी चाल, तू स्वतः पाह्य.

वैशाखातली दुपार होती. बसमधून उतरून दोघी गावात शिरल्या तेव्हा रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. कारभारी शेतात गेला होता, सुना माजघरात निजल्या होत्या. समोरच्या खोलीत शिरल्यावर मंजुश्रीनं आधी उजेड पाहिला. खिडकी एकच, तीही बंद. काचेवर काहीच चमकत नव्हतं.

समोर पाहणारा फोटो माणसाबरोबर फिरतो, हे तिला माहीत होतं. तुम्ही डावीकडे जा, तो डावीकडे पाहतो. लोकांना त्याचीच भीती वाटते आणि ती हसून समजूत घालते. म्हणून ती डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली, मग अगदी भिंतीशी जाऊन पाहिलं. अंबूबाई तिच्याकडे पाहत नव्हती. कुठूनही पाहिलं तरी ती मंजुश्रीच्या खांद्यावरून पलीकडे, मागच्या दाराकडे पाहत होती. पापणी तीच, बाहुली तीच. तिनं स्वतः मध्यभागी ठेवलेली बाहुली एका कडेला गेली होती म्हणावं, तर तसंही नव्हतं. बाहुली मध्येच होती आणि नजर दाराकडे होती.  मंजुश्रीनं नकळत मान वळवली.

मागचं दार उघडं होतं. दारापलीकडे परस, परसाच्या टोकाला लिंबाखाली जुनी विहीर, तोंडावर लोखंडी जाळी टाकलेली.

"तिथं," पुष्पाबाई म्हणाली.

मग ती त्या दाराच्या उंबऱ्यावर बसली आणि सांगू लागली. कारभारीची ती दुसरी बायको. पहिली रुख्मिणी, हिवरा आश्रमाकडची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा विहिरीत पडली. पाय घसरला, असं सगळ्यांनी धरलं, तिच्या भावानंही. पुष्पाबाई लग्न होऊन आली आणि पहिल्यांदा पाण्याला विहिरीवर गेली तेव्हा परसामागच्या बांधावर एक बाई उभी होती. खडीच्या कामावरून परतताना वाट वाकडी करून आलेली. तिच्या पाहण्यात कीव दिसली. नव्या घरात तसं तिच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं, म्हणून पुष्पाबाई थांबली.

तानुबाईनं तिला सांगितलं. त्या दिवशी ती वैरणीचा भारा घेऊन परसात आली तेव्हा अंबूबाई विहिरीच्या काठावर उभी राहून खाली पाहत होती. चुलीवरचं दूध वर आलं का हे बाई जशी पाहते, तशी. तिनं ढकललं नव्हतं. पोरगी खरंच घसरली होती, काठावरच्या शेवाळात तिच्या पायाची घसरण दिसत होती. पण खालून हाका येत होत्या, बाजूला दोर पडला होता, आणि अंबूबाई नुसती पाहत होती. हाका थांबेपर्यंत. भारा टाकून तानुबाई धावली तोवर पाणी शांत झालं होतं. मग अंबूबाईनं मान वर केली आणि तिला दिसलं की आपल्याला कोणी पाहिलं आहे.

त्यानंतर अंबूबाईनं कोणाकडे मान वर करून पाहिलं नाही. आणि तानुबाई कामावर आली नाही. गावात तिच्या बोलण्याला किंमत किती, हे तिला माहीत होतं. पोलीस-पाटील करायचं तर घरातली कमावती माणसं त्याच गावच्या शेतांवर जाणारी. पण रस्त्यात, बाजारात, कुठंही अंबूबाई समोर आली की ती उभी राहायची आणि पाहायची. बोलायची नाही. अंबूबाई वाट बदलायची. तानुबाई वारली तेव्हा अंबूबाई सुटली असं पुष्पाबाईला वाटलं होतं. पण शेवटच्या दुखण्यात म्हातारी भिंतीकडे तोंड करून एकच बोलत होती, तिले म्हणा तिकडं पाह्य. कोणाला, ते घरात एकट्या पुष्पाबाईला समजत होतं.

मंजुश्री ऐकत होती. आजीच्या मांडीवर डोकं ठेवून तिनं किती दुपारी काढल्या होत्या, आणि आजीनं हे असं उराशी धरून तिच्या केसांतून हात फिरवला होता. तिनं विचारलं की काकू, तुम्ही इतकी वर्षं कोणाला सांगितलं का नाही.

पुष्पाबाई म्हणाली की सांगून मी राहिली कुठं असती. ती सासूबरोबर एकाच चुलीपाशी बसली, तिच्या पायांना तेल लावलं, पण विहिरीवर तिच्यासोबत कधी गेली नाही. सासूलाही ते कळलं होतं. दोघी आयुष्यभर एकमेकींच्या हाताकडे पाहून बोलल्या.

एवढ्यात ओसरीवर पाऊल वाजलं. कारभारी कधी आला होता कोण जाणे. तो खांबाला टेकून उभा होता, टोपी हातात, आणि त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्यानं बरंच ऐकलं आहे. मंजुश्री गडबडीनं उठली. ती म्हणाली की चूक माझी, फोटो देऊन टाका, मी डोळे मिटून नवा करून देते.

कारभारी आत आला. त्या खोलीत तो बऱ्याच दिवसांनी येत असावा, कारण उंबऱ्यावर त्याचा पाय थबकला. तो फोटोसमोर उभा राहिला आणि या वेळी त्यानं मान वळवली नाही.

"रुख्मी गेली त्या दिवसापासून आईनं माह्याकडं पाह्यलं नाई," तो म्हणाला. "मी समजून होतो. इचारलं नाई. इचारलं असतं तं तिनं सांगितलं असतं, म्हणून इचारलं नाई."

त्यानं फ्रेम उतरवायला हात वर केला. पुष्पाबाई उंबऱ्यावरून उठली आणि त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये जाऊन उभी राहिली. नवऱ्याच्या डोळ्याला डोळा देऊन ती उभी होती, आणि तिचा पदर बोटाला गुंडाळलेला नव्हता.

"राहू द्या," ती म्हणाली. "इतकी वर्सं मी एकटी पाहत होती. आता घरादाराले पाहू द्या."

कारभारीचा हात खाली आला.

 पुष्पाबाईनं चहा केला आणि तिघांनी तो सारख्याच कपांतून त्या खोलीत बसून घेतला. फोटो त्यांच्या डोक्यावरून मागच्या दाराकडे पाहत होता. एकदा परसात काही पडल्याचा आवाज आला तेव्हा तिघंही दचकले. लिंबाची वाळकी फांदी जाळीवर पडली होती.

पुढं कारभारी रुख्मिणीच्या भावाकडे गेला. जाऊन आल्यावर तो मंजुश्रीच्या स्टुडिओत आला आणि त्यानं स्वतःहून सांगितलं. भाऊ आता म्हातारा झाला आहे, कानानं कमी. कारभारीनं त्याला सगळं दोनदा सांगितलं. तो ऐकून कारभारीकडे पाहत राहिला, खूप वेळ, आणि मग उठून घरात गेला आणि दार लावून घेतलं. कारभारी संध्याकाळपर्यंत त्याच्या ओट्यावर बसला आणि मग निघून आला. त्या पाहण्यात शिव्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो म्हणाला. त्यात राग दिसला नाही, दुःखही दिसलं नाही. ओळख दिसली नाही, एवढंच त्याला सांगता आलं.

येताना त्यानं एक पिवळा पडलेला लग्नातला फोटो आणला होता. बाशिंग बांधलेला तरुण कारभारी आणि शेजारी रुख्मिणी, नवरीच्या रिवाजाप्रमाणे मान खाली, डोळे झुकलेले. तिचा एकटीचा मोठा फोटो करून द्यायचा होता. मंजुश्रीनं लगेच सांगितलं की डोळे लावणार नाही. कारभारी म्हणाला की नकोच. ती झुकलेलीच राहू दे, ती लाजून होती, ते खरं होतं.

ते दोन फोटो आज त्या खोलीत शेजारी-शेजारी आहेत. पुष्पाबाई रोज दोन्हींना फूल वाहते. सुनांना सवय झाली, नातवंडं तिथं खेळतात. जाळी काढून विहीर बुजवली आणि परसाकडचं दारही आता बंद असतं. पण नव्यानं आलेला माणूस अजूनही बसता बसता मान वळवतो आणि विचारतो, मागं कोणी आहे का. घरचे सांगतात, नाही.

मंजुश्रीनं मेलेल्यांचे डोळे उघडायचं काम सोडलं. गिऱ्हाइकाला ती मिटल्या डोळ्यांचाच फोटो चांगला करून देते, नाहीतर दुसरीकडे पाठवते. त्यामुळं धंदा कमी झाला आहे. डोळ्यांचा साठा तिनं पुसून टाकला. अंबूबाईच्या फोटोची फाईल मात्र ठेवली आहे. ती अधूनमधून उघडून पाहते. पडद्यावर नजर सरळ आहे, अगदी समोर, तिनं ठेवली होती तशीच.

दिवाळीच्या सुमारास कारभारी पुन्हा आला होता, धुतलेली टोपी घालून. जिवंतपणीच आपला फोटो काढून ठेवायचा, मागाहून पोरांना अडचण नको, असं म्हणाला. मंजुश्रीनं त्याला स्टुलावर बसवलं, दिवा लावला आणि काका, इकडं बघा, असं सांगितलं. त्यानं पाहिलं. पण कॅमेऱ्याकडे नाही. तिच्या बाजूला, जिथं कोणी उभं नव्हतं, तिथं. तिनं पुन्हा सांगितलं, तरी त्याची नजर तिथंच राहिली. त्यानं हळूच टोपी काढली आणि कोणी थोर माणूस खोलीत आल्यावर करतात तशी मान लववली.

मंजुश्रीनं वळून पाहिलं नाही; आजी कशी पाहत असेल ते तिला ठाऊक होतं. तिनं बटण दाबलं.